साधारण सुखाचं मंत्रालय

नोंथाबुरीला राहायला येऊन दीड वर्ष होत आलं. बँकॉकला अगदी चिकटून, चाओ फ्राया नदीच्या काठावर, म्हणजे मुंबईला ठाणं कसं तसं. थाई सरकारचं आरोग्य मंत्रालय इथेच आहे आणि माझ्या पीएचडीचा विषय म्हणजे या लोकांनी दवाखान्यांसाठी पैसा आणला कुठून आणि वाटला कसा, त्यामुळे पर्पल लाइन मेट्रोने तिकडे उठसूट जाणं होतं. पहिल्या आठवड्यात त्या स्टेशनचं थाई नाव ऐकलं आणि कान टवकारले. "क्रसुआंग सात्थारनसुक". क्रसुआंग म्हणजे मंत्रालय. आणि पुढचं? साधारण-सुख! साधारण म्हणजे इथे सगळ्यांचं, सार्वजनिक. कराडला आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बरं नाव ठेवलंय की. साधारण मिळालं तरी पुष्कळ झालं."

मग मला नादच लागला. रोग म्हणजे 'रोक'. उपचार करणे म्हणजे 'रक्सा', आपलं रक्षा. मधुमेहाला म्हणतात 'बाव वान', म्हणजे शब्दशः गोड लघवी, म्हणजे मधुमेहच की! आणि ज्या योजनेवर मी डोकं फोडतेय तिचं घोषवाक्य होतं 'साम सिप बाट रक्सा थुक रोक', तीस बाटमध्ये सगळ्या रोगांवर उपचार. यातल्या 'थुक'चा अर्थ 'प्रत्येक', उगाच हसू नका (मी क्लासमध्ये हसले होते, मॅडमनी बघितलं).

तर ही तीस बाटची गोष्ट. २००१ च्या जानेवारीत थाकसिन शिनावात्रांचा पक्ष निवडणूक जिंकला, त्यांच्या जाहीरनाम्यात हे होतं. इथे लोक थाकसिनबद्दल बोलायला लागले की जेवण थंड होतं, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही. पण कल्पना मुळात राजकारण्याची नव्हती. डॉ. संगुआन नित्तयारम्पोंग नावाचे एक डॉक्टर होते, ग्रामीण डॉक्टरांच्या चळवळीतले. ते ही कल्पना घेऊन पक्षांच्या दारोदार फिरले आणि एका पक्षाने ती उचलली. १९९७ च्या आर्थिक संकटाला जेमतेम चार वर्षं झाली होती (त्या संकटाला हे लोक 'तोम याम कुंग' म्हणतात, कोळंबीच्या आंबटतिखट सूपचं नाव), तिजोरीत खडखडाट, परदेशी तज्ज्ञ मान हलवत होते की हे परवडायचं नाही. तरी एप्रिल २००१ मध्ये सहा प्रांतांत सुरू केलं आणि वर्षभरात देशभर नेलं, २००२ च्या नोव्हेंबरात कायदा पण झाला. त्या कायद्यासाठी लोकांच्या संघटनांनी पन्नास हजार सह्या गोळा करून स्वतःचा मसुदा दिला होता. संगुआन पुढे ही योजना चालवणाऱ्या संस्थेचे पहिले प्रमुख झाले आणि २००८ च्या जानेवारीत फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले.

हे सगळं पेपरांत वाचून माहीत होतं. पण वाचलेलं वेगळं आणि पहाटे साडेपाचला खोन केन प्रांतातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात उभं राहणं वेगळं. खोन केन म्हणजे इसान, थायलंडचा ईशान्य भाग, कोरडवाहू, पोरं कामाला बँकॉकला आणि गावात म्हातारी माणसं आणि नातवंडं, आपल्याकडच्या माण-खटावची आठवण येईल असं. माझ्या ऑफिसातली एक ताई (इथे वयाने मोठ्यांना 'पी' म्हणतात, ताई-दादा दोन्हीला एकच) तिथली, ती म्हणाली आकडे बघतेस ना, मग सोमवारी शुगरची ओपीडी असते ती बघायला चल.

सोमवार म्हणून अर्धा स्टाफ पिवळ्या शर्टात (इथे प्रत्येक वाराला रंग असतो, सोमवारचा पिवळा). लोक उपाशीपोटी आलेले, रक्त द्यायचं म्हणून. शिपाई नाही, आरडाओरडा नाही, प्रत्येक जण आपला आपला जातो, मशीनमध्ये दंड घालतो, बीपीची चिठ्ठी बाहेर येते, ती घेऊन नंबर लावायचा. बाकांची एक रांग भिक्खूंसाठी राखीव, तशी पाटीच आहे. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, सत्तरीच्या, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. ती पिशवी गोळ्यांसाठी, कारण प्लास्टिकची पिशवी मिळत नाही, घरून आणायची. काउंटरवर त्यांनी नागरिक ओळखपत्र दिलं, मुलीने ते मशीनमध्ये खोचलं आणि एकच प्रश्न विचारला, "सित्थी काय?" आजी म्हणाल्या, "बात थोंग." झालं. रक्त, डॉक्टर, मेटफॉर्मिन, बीपीच्या गोळ्या, डोळ्यांच्या तपासणीची पुढची तारीख. साडेदहाला आजी बाहेर गाडीवर तांदळाची पेज खात होत्या आणि दवाखान्यात त्यांनी एक दमडी दिली नव्हती. तीस बाट (ऐंशी रुपयांच्या आसपास) सुद्धा बऱ्याच जणांना माफ असतात, मध्ये २००६ च्या सत्तापालटानंतर तर ते पूर्ण बंदच केले होते, २०१२ ला परत आणले. नाव मात्र तीस बाटच राहिलं.

'बात थोंग' म्हणजे सोनेरी कार्ड, या योजनेचं लाडकं नाव. आणि 'सित्थी' म्हणजे हक्क. शब्द आपल्या 'सिद्धी'वरून आलाय. काउंटरवरचा तो प्रश्न ऐकून मी जराशी गप्पच झाले, कारण आपल्याकडच्या काउंटरवरचा प्रश्न माझ्या कानात पक्का बसलाय: "योजनेत बसतं का?"

मागच्या वर्षी आईची शुगर वाढून तिला दोन दिवस ऍडमिट करावं लागलं. कुठल्या हॉस्पिटलात ते सोडा. भाऊ रेशनकार्ड, आधार, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन योजनेच्या टेबलाशी गेला, तर तिथला माणूस यादीत बोट फिरवून म्हणाला, हे पॅकेजमध्ये नाही, योजनेत बसत नाही. त्याचीही चूक नाही म्हणा, यादीत नसेल तर तो तरी काय करणार. पण मला खरी बोच दुसरीच आहे. ते दोन दिवस एकदाचे गेले. तिच्या शुगर-बीपी-थायरॉईडच्या गोळ्या मात्र दर महिन्याला, दोन-अडीच हजार, मेडिकलवाल्याकडे, गेली अकरा वर्षं. आणि महात्मा फुले योजना घ्या नाहीतर आयुष्मान भारतचं कार्ड घ्या, दोन्हींचा जीव ऍडमिट होण्यात, ऑपरेशनमध्ये. रोजच्या गोळ्यांना कोणी विचारत नाही. सरकारी दवाखान्यात मिळाल्या तर मिळाल्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरचे पैसेसुद्धा घेत नाहीत, चांगलंच केलं, पण कपाटात गोळी नसली तर फुकट केस पेपर घेऊन माणूस शेवटी मेडिकललाच जातो ना.

थायलंडने ओपीडी आणि गोळ्या पहिल्या दिवसापासून आत घेतल्या. पैसा कसा देतात, तर कॅपिटेशन. आता कॅपिटेशन म्हटलं की आपल्याकडे पोराचं मेडिकल कॉलेजचं डोनेशन डोळ्यांसमोर येतं, पण इथे त्याचा अर्थ दरडोई पैसे. तालुक्यात नोंदलेली माणसं किती, गुणिले ठरलेली रक्कम, कर गोळा होतो त्यातून थेट. २००२ ला माणशी १,२०२ बाट होते, आता तीन हजारांच्या वर गेलेत. ओपीडीचा खर्च त्यातच भागवायचा, त्यामुळे आजींची शुगर आटोक्यात ठेवणं दवाखान्याच्याही फायद्याचं. ऍडमिट पेशंटचा हिशोब वेगळा, आजाराच्या गटाप्रमाणे, पण एकूण रकमेला झाकण लावलेलं. २००१ च्या आधी इथल्या आरोग्यखर्चातला तिसरा हिस्सा लोकांच्या खिशातून जायचा, आता साधारण दहावा. आपल्याकडे सरकारी हिशोबाने २०१४-१५ ला ६२.६ टक्के होता, २०२१-२२ ला ३९.४ टक्क्यांवर आलाय. कमी झालाच आहे, नाही म्हणत नाही.

पण मी गावी हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं एक कायदा केला की झालं. ते तसं नाहीये आणि माझा सगळा प्रबंध खरं तर एवढंच म्हणतोय. २००१ ला पैसे पाठवायला तालुक्यात चालू दवाखाना होता, हे मोठं. १९७२ पासून इथल्या नव्या डॉक्टरांना तीन वर्षं सरकारी सेवा सक्तीची आहे आणि मोडली तर चार लाख बाट दंड. आपल्याकडेही बाँड आहे, एमबीबीएसला एक वर्ष, आणि त्याचं काय होतं ते घरात डॉक्टर असलेल्यांना माहीत आहेच. ऐंशीच्या दशकात इथे शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांचा नवा खर्च काही वर्षं अडवून तो पैसा तालुक्यांकडे वळवला. शहरवाल्यांना केवढं झोंबलं असेल. आणि गावोगावी आशाताईंसारखे स्वयंसेवक, दहा लाखांच्या वर, त्यांना 'ओ-सो-मो' म्हणतात. आजींच्या घरी दर महिन्याला एक ओ-सो-मो येते, बीपी बघते आणि चिकट भात कमी खा म्हणून ओरडते. आजी ऐकत नाहीत, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं.

सगळं छान छान पण नाहीये हां. तीन वेगवेगळ्या योजना आहेत, सरकारी नोकर आणि त्यांचं कुटुंब (५० लाखांच्या आसपास), खासगी नोकरदारांची सामाजिक सुरक्षा (सव्वा कोटीच्या आसपास), आणि उरलेले पावणेपाच कोटी सोनेरी कार्डवाले, आणि सरकारी नोकरावर माणशी खर्च कितीतरी जास्त होतो. नोकरदार म्हणतात आम्ही पगारातून वर्गणी भरतो आणि कार्डवाल्यांना फुकट, हा कुठला न्याय. दवाखाने तोट्याचं रडगाणं गातात, तरुण डॉक्टर ड्युट्यांनी पिचून सोडून जातात. डायलिसिस तर पहिली काही वर्षं योजनेत नव्हतंच, २००८ ला आलं ते पण घरी करायचं, पोटातलं डायलिसिस, औषधाच्या पिशव्या पोस्टाने घरपोच. मशीनवरचं हवं असेल तर खिशातून. ती अट २०२२ ला काढली, आणि मग मशीनवाल्यांची संख्या बघून पैशांचा हिशोब ठेवणाऱ्या खात्यातल्या माणसांनी कपाळाला हात लावला. मागच्या आठवड्यात एका मीटिंगमध्ये त्यावरून तासभर जुंपली, मला निम्मं कळलं नाही, पण आवाजाच्या पट्टीवरून विषय डायलिसिस एवढं कळलं.

आणि माझं स्वतःचं? मी परदेशी, मला सित्थी नाही. पावसाळ्यात ताप आला, एका खासगी हॉस्पिटलात गेले, सोफे, कॉफी, वीणासारखं काहीतरी मंद वाजतंय, दोन तपासण्या आणि पॅरासिटामॉलचं बिल साडेचार हजार बाट. विमा कंपनीला क्लेम पाठवला. उत्तर आलं की पॉलिसीत फक्त ऍडमिशन कव्हर आहे, ओपीडी बसत नाही. मी तो मेल भावाला फॉरवर्ड केला, त्याने नुसते हसणारे इमोजी पाठवले, सात-आठ.

खोन केनहून परत आल्यावर आईला त्या आजींचं सगळं सांगितलं, कार्ड, गोळ्या, कापडी पिशवी. मला वाटलं पैशांचं विचारेल. तिने विचारलं, "एवढ्या पहाटे जातात, मग बसायला जागा असते का गं?"

असते म्हटलं. पंखे पण असतात.

"आणि डोळ्यांचं पण तिथेच बघतात?"

तिथेच.

"हं," म्हणाली, आणि मग दहा मिनिटं शेजारच्या काकूंच्या मोतीबिंदूवर बोलत बसली.