लास पाल्मासहून निघताना: अटलांटिक रॅलीचा पहिला दिवस

शाळेच्या भूगोलात वाचलेले ईशान्य व्यापारी वारे प्रत्यक्ष कामाला लागलेले पाहायचे असतील, तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावरच्या लास पाल्मासला यावे. शिडाच्या बोटींची 'अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स', म्हणजे एआरसी, इथून निघते. जिमी कॉर्नेल यांनी ती 1986 मध्ये सुरू केली तेव्हा 204 बोटी बार्बेडोसला गेल्या. 1990 पासून शेवट कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर होतो. अंतर सुमारे 2,700 सागरी मैल, बहुतेकांना अडीच ते तीन आठवडे लागतात.

दुपारी एकच्या सुमारास क्रूझिंग गटाचा, म्हणजे हौशी प्रवासी बोटींचा, निघण्याचा भोंगा वाजतो. धक्क्यावर गर्दी, बँड, सगळ्यांच्या हातात कॅमेरे. अशा वेळी सर्वांत पुढे राहण्याचा मोह आवरावा. एवढ्या लांबच्या प्रवासात सुरुवातीची पाच मिनिटे वाचून काहीच मिळत नाही, धडक झाली तर मात्र बंदरातच परतावे लागते. नियम साधा: ज्या बोटीला डाव्या बाजूने वारा लागतो तिने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या बोटीला वाट द्यायची. दोघींचा वारा एकाच बाजूचा असेल तर वारा येतो त्या बाजूच्या बोटीने दूर राहायचे. नियम आपल्या बाजूने असला तरी समोरच्याला तो ठाऊक आहे असे धरून चालू नये.

खरी परीक्षा संध्याकाळी असते, आणि तिची वेळ आधीच मांडता येते. बेटाच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेच्या मास्पालोमास टोकापर्यंत साधारण 25 ते 27 सागरी मैल. सहा नॉट (तासाला सहा सागरी मैल) वेगाने साडेचार तास. सूर्य सहाच्या थोडा नंतर मावळतो. म्हणजे वाटेतल्या सर्वांत जोराच्या वाऱ्यानंतरचा सर्वांत फसवा टप्पा अंधार पडण्याच्या वेळेलाच येतो.

बेटाच्या मधोमध सुमारे 1,950 मीटरपर्यंत चढलेला डोंगर आहे. व्यापारी वारा त्याला वळसा घालून बाजूने निघतो आणि तिथे त्याचा वेग वाढतो. पूर्व किनाऱ्यावरच्या गांदोच्या विमानतळाजवळ 15 नॉटचा वारा थोड्याच अंतरात 25 ते 30 होऊ शकतो. वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. पाठीमागून वारा असताना हे लवकर कळत नाही: वारा 20 नॉट आणि बोट 7 नॉट असेल तर अंगाला जेमतेम 13 लागतो. म्हणून गांदोच्या अलीकडेच, सगळे सुरळीत वाटत असताना, मुख्य शिडाला पहिला रीफ घ्यावा, म्हणजे शिडाचा थोडा भाग गुंडाळून ते लहान करावे. अंदाज जोराचा असेल तर दुसराही. रंगीत स्पिनेकर (पाठीमागच्या वाऱ्यासाठीचे मोठे, फुगणारे शीड) पहिल्या दिवशी पिशवीतच बरा. त्या वाऱ्यात तो पुढच्या स्टेवर (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेवर) गुंडाळला गेला, की अंधारात सोडवायला माणूस डोलकाठीवर चढवावा लागतो.

मास्पालोमासनंतर नैऋत्येला वळले की वारा थेट पाठीमागे येतो. लाटेने बोट जरा तिरकी झाली की बूम (मुख्य शिडाच्या तळाचा आडवा दांडा) एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सपकन येते. डोके फुटण्याइतका तो फटका असतो. कधी बूमच मोडते. उपाय म्हणजे प्रिव्हेंटर: बूमच्या टोकापासून दोर नाळेजवळच्या (बोटीच्या पुढच्या टोकाजवळच्या) ब्लॉकमधून, म्हणजे कप्पीतून, घेऊन मागे कॉकपिटमध्ये (सुकाणूच्या जागी) बांधायचा. बूमच्या मध्यावर बांधू नका, बूम तिथेच वाकते. दोर कॉकपिटमधून सोडता आला पाहिजे, त्यासाठी रात्री पुढे जावे लागता कामा नये.

त्यानंतर बेटाची वाऱ्याआड बाजू. वारा अचानक पडतो, लाटा मात्र राहतात. शिडे आपटतात, लोक इंजिन सुरू करतात आणि तासाभरात ते बंद पडते. कारण ठरलेले: इंधनाच्या टाकीच्या तळाशी महिनोन्महिने साचलेला गाळ हेलकाव्याने ढवळून फिल्टरमध्ये जातो. निघण्यापूर्वी टाकी साफ करून घ्यावी, जादा फिल्टर चार तरी ठेवावेत आणि इंधनाच्या पाइपातली हवा काढण्याचा सराव धक्क्यावरच करावा. क्रूझिंग गटात इंजिन चालते, पण त्याचे तास नोंदवावे लागतात आणि निकालात ते धरले जातात.

पहिल्या रात्री आसपास शंभराहून जास्त दिवे असतात आणि एआयएसचा (आसपासच्या बोटींची जागा दाखवणाऱ्या यंत्रणेचा) गजर थांबत नाही. वैतागून तो बंद करणे धोक्याचे आहे. गजराचे अंतर अर्ध्या मैलावर आणावे. पहाऱ्यावरच्याने जिना चढण्याआधीच टेदर, म्हणजे स्वतःला बोटीशी बांधणारा सुरक्षा दोर, अडकवावा.

बोट लागणे हे पहिल्या दिवशी अनुभवी खलाशांनाही चुकत नाही. आपल्याकडे सहज मिळणारे सिनारिझिन हे बोट लागण्यावरचे औषध इथल्या खलाशांच्याही आवडीचे. डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीपासून सुरू करावे, त्रास सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. रात्रीचे जेवण धक्क्यावरच शिजवून ठेवावे. मऊ खिचडी उत्तम: एका वाडग्यात, एका हाताने खाता येते. भारतीय पासपोर्टवाल्यांनी शेंगेनमधून (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रातून) बाहेर पडल्याची नोंद बंदरातल्या पोलिसांकडे निघण्यापूर्वी करून घ्यावी, ती राहिली तर पुढच्या व्हिसाला अडचण येते.

सकाळी उजेड होताच एकाने डेकवर नाळेपासून मागेपर्यंत फिरावे. दोर कुठे घासतो ते पाहावे, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पाणी आहे का ते पाहावे, ते गोडे की खारे हे चाखून ठरवावे. डेकवर एखादी पिन किंवा नट सापडला, तर तो कुठून निसटला हे कळेपर्यंत शीड वाढवू नये.