झील कोण धरणार?

पोवाडा शिकायला येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला शाहीर व्हायचं असतं. फेटा बांधायचा, डफावर थाप मारायची, एक पाय पुढे टाकून गर्जायचं. त्यात गैर काही नाही. पण शाहिराच्या मागे उभं राहून "जी रं जी जी" म्हणणारे झीलकरी आणायचे कुठून? मी नोकरी सांभाळून बरीच वर्षं तिथंच उभा आहे, मागे, तुणतुणं घेऊन. त्यामुळे लोककला जगवायच्या गप्पा सुरू झाल्या की माझी नजर आधी मागच्या रांगेकडे जाते.

तुणतुणं दिसायला अगदी किरकोळ. लाकडाचा पोकळ नळा, तळाला कातडं, बाजूला ठोकलेली काठी, काठीला खुंटी आणि कातड्यातून खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. "यात शिकण्यासारखं काय आहे?" असं लोक तोंडावर विचारतात. शिकायचं हे, की शाहीर चढला म्हणून आपण चढायचं नाही. तो भरात येऊन पट्टी सोडतो, तेव्हा त्याला जागेवर आणणारा सूर आपल्या हातात असतो. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, तार उतरते. मग पोवाड्याच्या दोन चौकांमधलं, म्हणजे कडव्यांमधलं, गद्य चालू असताना, समोरच्या कुणाला कळणार नाही अशा बेताने खुंटी पिळून घ्यायची. हे मला कुणी वहीत लिहून दिलेलं नाही. वस्ताद गाता गाता नुसतं मागे वळून बघायचे, त्यावरून काय ते समजायचं.

वस्ताद गोंधळी समाजातले. पोवाड्याची साथ त्यामानाने सोपी, खरी परीक्षा गोंधळात. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, आख्यान लावतो आणि साथीदार मधेच एखादा भाबडा प्रश्न टाकतो. "मग देवीने जेवण केलं का नाही?" असलं काहीतरी. लोक हसतात, नाईकाला दम मिळतो, कथा पुढे सरकते. प्रश्न कुठे टाकायचा हे संहितेत नसतं. समोरच्या आजीबाई पेंगायला लागल्या, पोरं उठून चालली, की त्याची वेळ झाली. हे शिकायला रात्रभराचं आख्यान लागतं. आता लग्नानंतरचा गोंधळ बऱ्याच घरी तासाभरात उरकतात. चौक मांडला, सगळ्या देवांना "गोंधळा ये" म्हणून बोलावलं, आरती झाली, चला पंगतीला. आख्यान गळालं, त्याबरोबर प्रश्न विचारणाराही गळाला.

युवा महोत्सवात गोंधळ लोकनृत्य म्हणून येतो, आणि लोकनृत्याला फार तर दहा मिनिटं मिळतात. संबळ कडकडतो, पेटता पोत नाचतो, शिट्ट्या पडतात. ती मुलं घाम गाळतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दहा मिनिटांत कथा बसत नाही, म्हणून ती बसवतही नाहीत.

पैशांचं बघू. केंद्र सरकारच्या क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांची गुरू-शिष्य परंपरा योजना आहे. आपलं राज्य नागपूरच्या आणि उदयपूरच्या अशा दोन्ही केंद्रांत येतं. योजनेत गुरूला महिना ७,५०० रुपये, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० असा हिशोब ठरलेला. साथीदाराचा वेगळा रकाना आहे, याचंच मला अप्रूप वाटतं. तो निम्मा का, हे मात्र कुणालातरी विचारायचं आहे. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन देतं, २०२४ पासून महिना ५,००० रुपये. त्यावर म्हातारपणाचं औषधपाणी निघतं आणि ते निघायलाच हवं. फक्त त्यात शिष्य कुठे बसत नाही. जपानने १९५० साली सांस्कृतिक ठेव्यांच्या रक्षणाचा कायदा केला. त्यातून पुढे ज्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणायला लागले, त्या एकेका कलावंताला वर्षाला २० लाख येन मिळतात, ते आपली कला घासूनपुसून ठेवायला आणि पुढची पिढी तयार करायला. शिकवणं हा त्या पैशाचा हेतूच आहे. आपल्याकडे पुरस्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि फोटो.

पण नुसत्या पैशाने भागत नाही, हे वस्तादांच्या नातवाकडे बघून कळतं. लोक म्हणतात, पोराला मोबाईलचं वेड, त्याला कसली आलीय कला. त्या पोराचा गळा माझ्यापेक्षा दसपट बरा आहे. त्याला शाळेत "जोगवा मागणाऱ्याचा" म्हणून हाक मारायचे, ते कुणी ध्यानात घेत नाही. मी ऑफिसातून सुटून तुणतुणं वाजवलं की "वा, संस्कृती जपताय!" त्याने वाजवलं की "अजून मागायचं सोडलं नाही का?" वाद्य तेच, गाणं तेच. मग त्याने नोकरी धरली तर कुठे चुकलं? माझ्यावर या धंद्याचा शिक्का नाही, म्हणून मी तो हौसेने धरू शकतो. लोककलेवरच्या परिसंवादात ही गोष्ट चहाच्या वेळी निघते, माईकवर निघत नाही.

आयोजक फोटोसाठी मला कवड्यांची माळ घालायला सांगतात. मी घालत नाही. रेणुराई असोत की कदमराई, गोंधळ्यांच्या या दोन्ही शाखांमध्ये माळ ही दीक्षेची खूण आहे, पोशाख नव्हे. साथ करायला माळ लागत नाही, वस्तादांनीच सांगितलंय.

वारलीचंही बघा. लग्नाचा चौक सुवासिनी लिहायच्या, मधे पालघट देवी, आणि विधी चालवायची धवलेरी, गाणी म्हणत. १९७० च्या दशकात भिंतीवरचं चित्र कागदावर आलं, जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. मात्र कागद गेला तो बहुतेक पुरुषांच्या हातात. शहरातल्या कार्यशाळांत दोन त्रिकोण जोडून माणूस काढायला शिकवतात, पण धवलेरीचं नावही घेत नाहीत. गाण्याला फ्रेम करता येत नाही ना.

याउलट कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. २०२१ ची पद्मश्री त्यांना मिळाली. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळं एका अंगणात, आणि त्यांची मुलंही त्यातच. मला तिथली गंमत ही वाटते, की चित्रांची पोथी काचेमागे ठेवून ते थांबले नाहीत. एक एक चित्र पुढे धरून कथा गाऊन दाखवायची, तर मागे साथ लागतेच. म्हणजे झीलकरी आपोआप तयार होतो.

सगळ्यांना पिंगुळीसारखं अंगण मिळणार नाही. पण घरी गोंधळ घालणार असाल तर आख्यान मागा. "शॉर्टमध्ये करा" म्हणू नका. सुपारी ठरवताना किती माणसं येणार हे विचारा आणि दोन माणसं कमी करून पैसे वाचवू नका, कारण कमी होतात ती मागचीच. पाहुण्यांनी पाकीट नाईकाच्या हातात दिलं तरी चालेल, पण साथीदारालाही नाव विचारा. निवेदकाकडे सहसा ते नसतं.

आणि एक. आमच्या गटाला सध्या दोन झीलकरी हवे आहेत. आवाज गोड नसला तरी चालेल, पट्टी सोडता कामा नये. फेटा आम्ही देऊ. शाहीर व्हायचं असेल तर रांग मोठी आहे.