शॉनचा आवाज, छत्तीस वर्षांनी

आमचं दुकान अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियात, वॉशिंग्टन डीसीपासून जवळच, जुन्या-नव्या रेकॉर्ड्सचं. मी तिथे जुना माल बघते, म्हणजे लोक खोकी भरून रेकॉर्ड्स विकायला आणतात, मी एकेक बाहेर काढून दिव्याखाली तिरकी धरते, चरे बघते, शंका आली तर सुई टेकवून ऐकते आणि मग भाव सांगते. ही गोष्ट २०२१ ची, पानगळीच्या दिवसांतली. आर्लिंग्टनचा इनर इअर हा रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद होत होता, काउंटीने जागा घेतली होती, त्यामुळे आमच्याकडे आठवडाभर डिस्कॉर्ड या डीसीच्या पंक रॉक कंपनीच्या रेकॉर्ड्सशिवाय दुसरं काही वाजतच नव्हतं. डॉन झिएन्टाराने हा स्टुडिओ सुरू केला तो स्वतःच्या घराच्या तळघरात, १९९० मध्ये मोठ्या जागेत नेला, आणि डीसीच्या पंकमधलं जे जे आपण आज ऐकतो त्यातलं कितीतरी त्या माणसाच्या हाताखालून गेलंय, म्हणून सगळ्यांनाच वाईट वाटत होतं.

शनिवार होता आणि मी डॅग नॅस्टी या डीसीच्या बँडची 'कॅन आय से' लावली होती, १९८६ ची. माझी जीव की प्राण रेकॉर्ड आहे ती. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर एका मैत्रिणीच्या हार्ड डिस्कवर सापडली आणि त्या वर्षी मी दुसरं फारसं काही ऐकलंच नाही. ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे मेलडिक हार्डकोर, म्हणजे वेग आणि दणका हार्डकोरचाच, पंकच्या त्या सगळ्यात आक्रमक प्रकाराचा, पण त्यात चाल असते, गुणगुणता येईल अशी, आणि या बँडची गाणी तर मैत्री तुटण्याची, स्वतःवरच चिडण्याची, वीस वर्षांच्या पोरीला रात्री दोन वाजता थेट लागतील अशी.

तेवढ्यात एक गृहस्थ दोन खोकी घेऊन आले, पन्नाशी ओलांडलेले, अंगावर कुरिअर कंपनीचा शर्ट. खोक्यांत त्यांच्या आईच्या गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, रेकॉर्ड्स होत्या, अगदी नीट ठेवलेल्या. मी त्या तपासत होते आणि ते काउंटरला टेकून ऐकत होते, 'सर्कल्स' लागलं तसं मान हलवली आणि म्हणाले, गाणं हेच, पण हे गाणारा हा नव्हता.

मला आधी राग आला, खरं सांगते. या रेकॉर्डवर गाणाऱ्या डेव्ह स्मॉलीच्या आवाजाबद्दल माझ्यासमोर कोणी काही बोललेलं मला चालत नाही. पण ते भांडायला आलेच नव्हते. म्हणाले, १९८५ मध्ये मी सतरा वर्षांचा होतो, एका चर्चच्या हॉलमध्ये यांना पाहिलं, तेव्हा शॉन गायचा, हीच गाणी होती. पुढच्या वर्षी रेकॉर्ड आली, धावत जाऊन घेतली, तर त्यावर दुसराच माणूस. तेव्हापासून लोकांना सांगतोय की ती गाणी वेगळी होती, पण दाखवायला जवळ काय होतं, नुसती आठवण.

ते खरंच बोलत होते. मायनर थ्रेट हा डीसीचा हार्डकोर बँड १९८३ मध्ये संपल्यावर त्यातल्या ब्रायन बेकरने पुढे १९८५ मध्ये हा बँड काढला, तेव्हा गायला शॉन ब्राउन होता. त्याच्यासोबत इनर इअरला गाणी रेकॉर्डही झाली, पण ती बाहेर यायच्या आत शॉन बँडमधून गेला, बॉस्टनच्या डीवायएस या बँडमधला स्मॉली आला आणि तीच गाणी परत रेकॉर्ड होऊन 'कॅन आय से' झाली. शॉनने नंतर स्विझ नावाचा बँड काढला. ती जुनी टेप डिस्कॉर्डने २०१० मध्ये 'डॅग विथ शॉन' म्हणून काढली. पंचवीस वर्षांनी! आणि या माणसाला पत्ताच नव्हता, कारण नव्वदच्या दशकात संसाराला लागले, रेकॉर्ड्स विकून टाकल्या, ते जगच सुटलं.

आमच्याकडे एक कॉपी होती. मी ती आधी एकदा ऐकली होती आणि कच्चं काम आहे, हौशी लोकांनी जमवायची वस्तू, असं ठरवून विषय बंद केला होता. कोपऱ्यातल्या क्रेटमधून काढली, ब्रश फिरवला, लावली.

दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदालाच त्यांचे डोळे मिटले. उजव्या हाताची दोन बोटं काउंटरच्या कडेवर ड्रमच्या जागा घेत होती, एकही चुकत नव्हती, आणि ओठ शब्दाच्या किंचित आधी हलत होते, म्हणजे पुढचा शब्द कुठला हे त्यांना अजून पाठ होतं. मी गॉस्पेलची रेकॉर्ड हातात तशीच धरून उभी. मागे दोघंतिघं पैसे द्यायला थांबलेले, पण कोणी हूं की चूं केलं नाही.

आणि मग मलाही ऐकू आलं. शॉन चाल गातच नाही, तो घसा फाडून ओरडतो, शब्द फेकून मारतो. त्यामुळे गाण्यातली सगळी चाल एकट्या गिटारवर येऊन पडते. बेकर गिटारवर ज्या कॉर्ड्स घेतो, वर एक तार मोकळी ठेवून खाली सूर सरकवतो, ते सगळं उघड्यावर येतं. स्मॉलीने पुढे तीच चाल गळ्यात घेतली, आणि मी इतकी वर्षं समजत होते की हा सुरेलपणा त्याने आणला. तो गिटारमध्ये आधीपासूनच होता. तीच बंदिश दुसऱ्या गळ्यातून ऐकल्यावर कळावं की आधीच्या गायकाचं काय आणि बंदिशीचं काय, तसं झालं मला.

बाजू संपली. ते एवढंच म्हणाले, मला वाटायला लागलं होतं की हे मीच मनात रचलंय.

मी सांगितलं, २०१६ मध्ये शॉनला घेऊन या बँडचं एक नवीन सिंगलही आलंय. त्यांचा विश्वासच बसेना, पेन मागून हाताच्या पंजावर लिहून घेतलं. मग गॉस्पेलच्या पैशांतून या रेकॉर्डचे वळते करायला सांगितले. घरी टर्नटेबल नाही म्हणाले, बघू, करतो सोय. आईची एक रेकॉर्डही परत मागून घेतली, ती विकायची नाही म्हणाले.

रात्री घरी आल्यावर मी 'कॅन आय से' परत लावली. नवरा झोपला होता म्हणून हेडफोन लावून. या वेळी आवाजाकडे लक्षच दिलं नाही, डावीकडून गिटार कुठे जाते त्याच्याच मागे मागे गेले, 'सर्कल्स' संपलं की सुई उचलायची आणि परत तिथेच ठेवायची, असं पाच-सहा वेळा केलं.