रापण कॅमेऱ्यात घेताना

मानवशास्त्रातील माझ्या पीएच.डी.चा विषय सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील रापणीची, म्हणजे समुद्रात अर्धवर्तुळात सोडलेले मोठे जाळे किनाऱ्यावरून दोरांनी ओढण्याची, सामूहिक मासेमारी हा होता. विषय मंजूर करताना मार्गदर्शकांनी एकच अट घातली, ती म्हणजे केवळ मुलाखती आणि वहीतील टिपणे यांच्यावर प्रबंध उभा करायचा नाही. रापण हे हातापायांनी, दोराने आणि हाकांनी चालणारे काम आहे. करणारा माणूस जे शब्दांत सांगत नाही, कारण त्याला ते कधी सांगावेच लागलेले नसते, ते मुलाखतीत सापडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणणे योग्यच होते, परंतु कॅमेरा लावला की ते आपोआप हाती येते असे मात्र नाही. चित्रण झाल्यानंतर ते ज्यांचे आहे त्यांच्याबरोबर बसून पाहणे हाच माझ्या क्षेत्रकार्याचा मुख्य भाग ठरला.

सुरुवात परवानगीपासून झाली. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीला प्रत्येक व्यक्तीची सही असलेले संमतिपत्र हवे होते. रापण ओढायला मात्र कधी रापणकरांच्या संघातली माणसे असतात, कधी वाटेने जाणारा पाहुणाही दोराला हात लावतो आणि हातभाराचे चार बांगडे घेऊन जातो. शिवाय हा धंदा एकट्याचा नव्हे. माणसांबरोबर होडीचा आणि जाळ्याचाही वाटा निघतो. त्यामुळे एकेकाची सही घेण्याआधी संघाच्या बैठकीत विषय मांडणे भाग होते. तिथे एका जाणत्या रापणकराने विचारलेला प्रश्न समितीच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा नेमका होता: "गो बाय, ह्या तू खय खय दाखवतलंस?" या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (यांत्रिक नौकेतून मोठ्या घेरजाळ्याने मासे पकडणारे) यांच्यातील संघर्ष जुना आहे. चित्रणात मागे क्षितिजावर एखादी नौका दिसली तरी उद्या ते कोणाच्या तरी तक्रारीचा पुरावा होऊ शकते, आणि 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालील कारवाईत आपले नाव गुंतावे असे कोणालाच वाटत नव्हते. अखेरीस संमती तीन पायऱ्यांची ठरली: काही चित्रण केवळ संशोधनासाठी, काही गावात दाखवण्यासाठी, काही सर्वांसाठी खुले. प्रत्येकाची तोंडी संमती कॅमेऱ्यासमोरच नोंदवायची आणि चित्रण पाहून झाल्यावर ती पुन्हा विचारायची, असेही ठरले. समितीने हे मान्य केले, पण त्यासाठी बराच पत्रव्यवहार करावा लागला.

उपकरणांच्या बाबतीत चित्रापेक्षा आवाजाने अधिक परीक्षा पाहिली. समुद्रावर दुपारनंतर वारा सुटला की कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकवर फडफडीशिवाय काही उरत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण वेगळ्या रेकॉर्डरवर, माइकला केसाळ आवरण घालून, आणि हाका देणाऱ्याच्या सदऱ्याच्या आत बारीक कॉलर माइक लावून केले. दोन्ही फिती नंतर जुळवता याव्यात म्हणून दर वेळी सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या दर्जाचे दोन वाहिन्यांचे ध्वनिमुद्रण तासाला साधारण एक जीबी जागा घेते. चित्रण त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे रोज संध्याकाळी सर्व फायली दोन वेगळ्या डिस्कवर उतरवणे, त्यांना तारीख, ठिकाण आणि क्रमांक यांनी बनलेली नावे देणे, आणि कोण, कुठे, काय करत होते हे त्याच दिवशी लिहून ठेवणे हे काम जेवणाआधी संपवण्याचा नियम मी केला. खाऱ्या हवेसाठी ओलसर फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसणे व सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा, एवढे पुरते. वाळूवर मात्र कोणताही उपाय पुरा पडत नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो या शास्त्राइतकाच जुना आहे. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड हॅडन यांनी 1898 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांमधील टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेवर हाताने फिरवायचा चलच्चित्र कॅमेरा आणि मेणाच्या नळकांड्यांवर आवाज घेणारा फोनोग्राफ नेला होता, आणि त्यातून आज जेमतेम चार मिनिटांचे चलच्चित्रण शिल्लक आहे. मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन या मानवशास्त्रज्ञांनी 1936 पासून बालीमध्ये सुमारे 25,000 छायाचित्रे आणि 22,000 फूट फिल्म घेतली, आणि तरीही पुढे 1976 मधील एका संभाषणात दोघांचे कॅमेऱ्यावरून जुंपलेच. मीड यांना तिपाईवर स्थिर, लांब आणि न तोडलेले चित्रण हवे होते, म्हणजे दुसऱ्या संशोधकालाही ते तपासता येते. बेटसन यांच्या मते तिपाईवरच्या कॅमेऱ्याला महत्त्वाचे काहीच दिसत नाही. मी दोन्ही केले, आणि माझा कौल पुष्कळसा मीड यांच्या बाजूने आहे. हातातला कॅमेरा मला जे आधीच ठाऊक आहे त्याच्याच मागे धावत होता, म्हणजे ताणलेले दंड, घामाने भिजलेले चेहरे, फडफडणारी तारली. एक वयस्क रापणकर बाजूला येऊन म्हणाले, "माणसांची तोंडा कित्याक काढतंस? दोराक बघ." तिपाईवरचा कॅमेरा दोराकडेही बघत होता आणि तोंडांकडेही, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःचे मत नव्हते.

ड्रोनविषयी थोडक्यात सांगते. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला 2021 च्या नियमांत बऱ्याच सवलती आहेत, परंतु चिपीचा विमानतळ जवळ असल्याने उड्डाणाआधी नकाशावर क्षेत्र पाहावेच लागते. होडी एक दोर किनाऱ्यावर ठेवून जाळे सोडत निघते आणि अर्धवर्तुळ करून दुसरा दोर घेऊन परतते, ती रेघ वरून फार सुरेख दिसते. लग्नाच्या चित्रफितींनाही आजकाल असेच आकाश लागते. त्या उंचीवरून दोराचे वजन मात्र दिसत नाही, त्यामुळे प्रबंधात ते चित्रण एकदाच, जागेची ओळख करून देण्यापुरते वापरले आहे.

खरे काम पडवीत सुरू झाले. लॅपटॉप पाटावर ठेवून मी न तोडलेले चित्रण लावत असे आणि रापणकर ते पाहत असत. सुरुवातीला स्वतःला आणि एकमेकांना ओळखण्याची मजा झाली, ती दुसऱ्या बैठकीपर्यंत ओसरली आणि मग बोलणे कामावर आले. एका दृश्यात उत्तरेकडची तुकडी दोर धरून थांबलेली दिसते आणि दक्षिणेकडची जोरात ओढत असते. वहीत त्या क्षणाविषयी काहीच नव्हते. पाहणाऱ्यांनी सांगितले की त्या दिवशी पाण्याची ओढ दक्षिणेला होती. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या असत्या तर जाळ्याचे तोंड तिरपे झाले असते आणि मासा मोकळ्या बाजूने निघून गेला असता. मग हे थांबायला त्यांना सांगितले कोणी, असे मी विचारले, कारण चित्रणात तशी हाक कुठेच ऐकू येत नव्हती. फीत मागे घेतली. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, सकाळच्या तिरप्या उन्हात वाळूवर पडलेली एक सावली होती आणि तिचा एक हात वर होता. तो माणूस कॅमेऱ्याच्या मागे उंचवट्यावर उभा होता. सावली कोणाची हे पाहणाऱ्यांनी एका सुरात सांगितले, आणि पाण्याचा रंग पाहून मासा कुठे आहे हे ओळखणारा तोच माणूस असल्याचेही सांगितले. त्याची मुलाखत मी तोवर घेतलेली नव्हती, कारण तो दोर ओढत नाही आणि बैठकीतही फारसा बोलत नाही.

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ आणि चित्रपटकार झाँ रूश यांच्याबाबतचा एक प्रसंग या संदर्भात दृश्य मानवशास्त्रात नेहमी सांगितला जातो. नायजर नदीवरील पाणघोड्यांच्या शिकारीचा चित्रपट त्यांनी 1950 च्या दशकात त्या शिकाऱ्यांनाच दाखवला, तेव्हा शिकारीच्या दृश्याला जोडलेल्या संगीताला शिकाऱ्यांनी हरकत घेतली: शिकारीच्या वेळी शांतता लागते, एवढ्या आवाजाने पाणघोडा पळून गेला असता. रूश यांनी ते संगीत काढून टाकले. विद्यार्थी असताना मला ही नुसती गंमत वाटत असे. पडवीत बसू लागल्यावर तो पद्धतीचा भाग असल्याचे ध्यानात आले.

पुढे देवळाच्या सभामंडपात चादर बांधून प्रोजेक्टरवर दाखवले, तेव्हा बायकाही आल्या आणि चर्चेला वेगळे वळण लागले. "आमी खय आसंव ह्यात?" हा पहिला प्रश्न. जाळे किनाऱ्याला लागेपर्यंतचे सर्व चित्रणात होते, पण मासा वाळूवर आल्यानंतरचे निवडणे, लिलाव आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजाराकडे निघणे यांचे चित्रण तुटक होते. पुढचा हंगाम मी त्यांच्याबरोबर काढला. दोघींनी माझा फोन मागून घेऊन बाजारातील घासाघीस स्वतःच मुद्रित केली, आणि ते ध्वनिमुद्रण माझ्यापेक्षा सरस आहे, कारण संशोधक समोर असताना गिऱ्हाईक भाव पाडत नाही.

चित्रणातील बोलणे आणि हालचाली लिहून काढण्यासाठी इलॅन (ELAN) ही संगणक प्रणाली वापरली. नायमेखेन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेने तयार केलेली ही प्रणाली मोफत मिळते आणि तिच्यात एकाच चित्रफितीखाली वेगवेगळे थर लावता येतात: एका थरावर मालवणीतील मूळ शब्द, दुसऱ्यावर हाका, तिसऱ्यावर शरीराच्या हालचाली, चौथ्यावर पडवीत पाहणाऱ्यांनी दिलेले भाष्य. जाळे जवळ येऊ लागले की हाकांमधील अंतर कमी होत जाते हे कानाला जाणवत होते. इथे ते सेकंदांत मोजता आले. आवाजाचे आपोआप लेखन करणारी यंत्रणाही वापरून पाहिली, पण ती मालवणीला प्रमाण मराठी करून टाकते आणि लाटांच्या आवाजातही शब्द शोधते. हाताने लिहिणे संथ असले तरी त्यातच विश्लेषण घडते, असे माझे मत झाले आहे.

रापणकरांचा व्हॉट्सअ‍ॅप गट हा आणखी एक स्रोत होता. वारा, मासा कुठे लागला, कोणाची नौका आत आली, हे सर्व आवाजी निरोपांतून तिथे फिरते. गटात मला घेतले होते, पण गटात असणे म्हणजे तिथले निरोप प्रबंधात वापरण्याची मुभा नव्हे. म्हणून निरोप जसाच्या तसा वापरायचा असेल तेथे देणाऱ्याला स्वतंत्रपणे विचारले, आणि नकार आला तेथे त्यातील मजकुराचा आशयही घेतला नाही.

शेवटचा टप्पा जतनाचा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि त्यांतील अनेक आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर गायिकेच्या आणि गावाच्या नावासह ऐकता येतात. संग्रह कसा असावा याचा नमुना म्हणून मी तोच समोर ठेवला. माझ्याकडील फायलींत मात्र एक अडचण होती. फोनवर लोकेशन चालू ठेवून काढलेल्या छायाचित्रांत अक्षांश-रेखांश दडलेले असतात, आणि होडीतून काढलेल्या छायाचित्रांवरून समुद्रातील खडपांच्या, म्हणजे मासा लागणाऱ्या खडकांच्या, जागा कोणालाही कळल्या असत्या. खुल्या प्रतींतून ही माहिती पुसली आणि मूळ प्रती संघाच्या संमतीशिवाय उघडता येणार नाहीत अशी अट संग्रहात नोंदवली. संघाला सर्व चित्रणाची प्रत पेन ड्राइव्हवर दिली आहे. बायकांनी केलेल्या ध्वनिमुद्रणाचे लेखन अजून चालू आहे, आणि त्यातील कोणते भाव खुले करायचे आणि कोणते नाहीत याचा निर्णय त्या नारळी पौर्णिमेनंतर बाजार पुन्हा भरू लागला की कळवणार आहेत.