तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी पोरं गप्प का?

'तुम्ही दोन्हीकडे शिकवलंयत ना? मग सांगा, जपानी पोरं वर्गात तोंड का उघडत नाहीत आणि अमेरिकन पोरं मिटत का नाहीत?' लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला जिलबीच्या आधी येतो.

जपानी पोरं गप्प, हे मुळात अर्धंच खरं. तिथल्या दुसरीच्या वर्गात जाऊन बघा. 'हाई! हाई!' करत सगळे हात ताठ वर, कान किटतात. गप्प होतात ती बारा-तेराव्या वर्षी, माध्यमिक शाळेत. आणि मी नेमका तिथेच इंग्रजीचा मदतनीस शिक्षक होतो.

तास सुरू व्हायचा कवायतीसारखा. ज्याची पाळी तो ओरडणार, 'किरित्सु', की सगळे उभे. 'रेइ', की वाकणार. 'चाकुसेकी', की बसणार. मग मी विचारायचो, 'काल संध्याकाळी काय केलंस?' मुलगा शेजाऱ्याकडे वळायचा. कुजबुज. मागच्या बाकावरची मानही पुढे यायची. मी मनात दहापर्यंत मोजायचो, तेव्हा कुठे उत्तर. काल स्वतः काय केलं हे शेजाऱ्याला काय विचारायचं, म्हणून मी वैतागायचो. पुढे कळलं, तो वाक्य तपासून घेत होता. वर्गासमोर जायचं ते आधी दोघातिघांत पक्कं झालेलं बरं.

एकदा मी घोळच घातला. एका मुलीने झकास उत्तर दिलं आणि मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तिची मान खाली गेली, ती कित्येक आठवडे माझ्या तासाला वर आली नाही. 'वर आलेला खिळा ठोकला जातो' अशी तिथे म्हण आहे. हा खिळा वर ओढला होता मी.

नंतर अमेरिकेत विद्यापीठात संख्याशास्त्राचे तास घेतले. पहिल्याच आठवड्यात एकजण हातात कॉफी घेऊन, हात वर करायच्या आधीच बोलायला लागला. तीन वाक्यं झाली आणि चौथ्यात स्वतःच म्हणाला, 'छे, चुकलं.' कुणी हसलं नाही. शिवाय तिथे वर्गातल्या सहभागाला गुण होते. गुण मिळणार म्हटल्यावर मीसुद्धा बोललो असतो!

पण बडबड म्हणजे विचार, असं समजू नका. 1995 साली जपान, जर्मनी आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या 231 तासांचं चित्रीकरण झालं होतं. त्यात जपानी शिक्षक बहुतेकदा न शिकवलेलं गणित देऊन पोरांना झगडू देत, मग त्यांच्याच वेगवेगळ्या रीती फळ्यावर मांडून चर्चा करत. अमेरिकन शिक्षक बहुधा रीत आधी दाखवत आणि पोरं तीच गिरवत.

त्या मुलीचं राहिलं. जपानी शाळेत वर्ग पोरंच झाडतात-पुसतात. तशाच एका सफाईच्या वेळी ती फडकं पिळता पिळता, माझ्याकडे न बघता, इंग्रजीत म्हणाली, 'कालच्या वाक्यात साधा भूतकाळ का? पूर्ण भूतकाळ का नाही?' मला चटकन सांगता येईना. शेजारी झाडू घेऊन जपानी सर उभे होते. मी त्यांच्याकडे वळलो आणि हळूच विचारून घेतलं.