डावा आरसा

आमच्या पिकअपमधल्या मधल्या आरशाला एकच काम आहे. त्याला कुणकेश्वराचा छोटासा फोटो अडकवलाय आणि गाडी खड्ड्यात गेली की तो डुलतो. बाकी त्या आरशात बघण्यासारखं काही नसतं. एप्रिलात हौदा आंब्याच्या पेट्यांनी केबिनच्या वरपर्यंत भरला आणि ताडपत्री आवळली, की मागच्या काचेत दिसते ती नुसती खोक्यांची भिंत. देवगडहून वाशी मार्केटपर्यंतच्या रात्रभराच्या रस्त्यात त्या भिंतीमागे काय चाललंय, ते बाजूच्या दोन आरशांनीच सांगायचं. त्यातला उजवा हाताशी आहे. खिडकीतून हात बाहेर काढला की पुसता येतो, फिरवता येतो. सगळी कटकट डाव्याची.

आणि कोकणात जे यायचं ते नेमकं डावीकडून येतं. काजूची गोणी पायाशी घेतलेली स्कूटी साइडपट्टीवरून पुढे घुसते. तिठ्यावर वळायला गाडी जराशी उजवीकडे घेतली, की मोकळी झालेली डावी बाजू आपल्यासाठीच सोडलीय असं दुचाकीवाल्याला वाटतं. तो नेमका आरशाची हद्द संपते आणि डोळ्याची अजून सुरू झालेली नसते त्या पट्ट्यात असतो. हॉर्न वाजवत नाही. एरवी सतत वाजवतो, तेवढ्यापुरता मात्र वाजवत नाही.

गाडी मी आणि माझा पुतण्या, दोघंही चालवतो. तो ताडमाड, मी बुटका. त्यामुळे रोज सकाळी केबिनमधून पहिली हाक येते ती ‘‘आरशाक हात कोणी लावलो?’’ अशी. लावणारा घरात एकच दुसरा माणूस आहे, हे त्यालाही ठाऊक असतं. शेवटी वहिनीच्या नेलपॉलिशने आरशाच्या कवचावर दोन ठिपके काढले, लाल त्याचा, गुलाबी माझा. काचेची कड ज्या ठिपक्याशी जुळते त्याची त्या दिवशी गाडी. आरशावर आजवर केलेल्या खर्चात एवढा वसूल झालेला खर्च दुसरा नाही, आणि तोही वहिनीच्या डोक्यावर.

आरसे लावण्याचं शास्त्रही आहे. जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९९५ मध्ये एक रीत मांडली. डोकं आपल्या बाजूच्या काचेला टेकवायचं आणि तिथून स्वतःच्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका त्या बाजूचा आरसा बाहेर वळवायचा. मग डोकं गाडीच्या मध्यावर नेऊन दुसरा तसाच लावायचा. सरळ बसलं की आपली गाडी आरशांतून नाहीशी होते आणि शेजारची लेन दिसते. मागून येणारं वाहन आधी मधल्या आरशात, तिथून निसटताना बाजूच्या आरशात, तिथून निसटताना थेट डोळ्यांना. मोटारीपुरतं हे अगदी चोख आहे. पण आमच्या मधल्या आरशात कुणकेश्वर आणि खोकी. साखळीची पहिली कडीच नाही. शिवाय हौद्याची कड नजरेत असावीच लागते. ताडपत्रीची दोरी सुटली, पेटी कलली, घाटाच्या वळणावर मागचं चाक गटाराकडे सरकलं, हे सगळं त्या कडेवरूनच कळतं. म्हणून आम्ही आरशाच्या आतल्या बाजूला हौद्याची बोटभर पट्टी ठेवतो, बाकी रस्ता, आणि आकाश जमेल तितकं कमी. भाताच्या पेंढ्या भरल्या तर तेही चालत नाही. पेंढा दोन्ही बाजूंनी बाहेर फुगतो आणि आरशात फक्त पेंढा दिसतो. त्यावर दांडी लांब करून घेणं एवढाच इलाज, आणि लांब दांडी आमच्या पाणंदीत टिकत नाही.

कारण पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंना दगडांचे गडगे आणि मधे गाडी जाईल एवढीच वाट. गेल्या पावसाआधी अशाच एका वाटेत डाव्या आरशाची काच गेली. मूळची मागवायला वेळ लागणार होता आणि हंगाम थांबणार नव्हता. बाजारात देवादिकांच्या तसबिरी मढवणारा एक दुकानदार आहे. त्याने घरगुती आरशाची काच मापाने कापली, कडा घासल्या आणि सिलिकॉनने चिकटवून दिली. दिसायला मूळच्यापेक्षा लखलखीत. रस्त्यावर आलो आणि गंमत कळली. मागची मोटरसायकल एकदम मोठी, स्पष्ट, अगदी जिथे होती तिथेच दिसायला लागली. पण तिच्या शेजारचं सगळं गायब. साइडपट्टी नाही, झाडं नाहीत, मघाचा टेम्पो नाही. जे दिसत होतं ते शंभर टक्के खरं होतं, फक्त फार थोडं दिसत होतं.

मूळची काच फुगीर असते. ती जास्त दाखवते, पण सगळं लहान करून, आणि लहान दिसलं की आपण ते लांब आहे असं धरून चालतो. म्हणून तर बऱ्याच गाड्यांच्या डाव्या आरशावर इंग्रजीत छापलेलं असतं की आरशातल्या वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत. अमेरिकेत चालकाच्या बाजूचा आरसा सपाटच हवा असा नियम आहे; युरोपात फुगीर चालतो. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातले गणितज्ञ अँड्र्यू हिक्स यांनी मधला मार्ग काढला. त्यांनी गणिताने काचेची वक्रता अशी बसवली की आरसा सुमारे ४५ अंशांचा पट्टा दाखवतो आणि चित्र फारसं वेडंवाकडंही होत नाही. सपाट आरशाची धाव १५ ते १७ अंशांचीच. २०१२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पण आरसा सपाट नाही, म्हणून त्यांच्याच देशात नव्या गाडीला तो कारखान्यातून लावता येईना. हे वाचून मला आमचा तसबिरीवाला अमेरिकी नियमाचा पक्का माणूस वाटायला लागला.

आम्ही तडजोड केली. काच सपाटच ठेवली आणि तिच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक छोटा गोल फुगीर आरसा चिकटवला, टिकलीसारखा. मोठ्या काचेत अंतर बघायचं, टिकलीत कोणी आहे की नाही एवढंच बघायचं. बरेच जण ती आतल्या कोपऱ्यात लावतात आणि मग तिच्यात स्वतःचाच हौदा बघत बसतात. वैशाखात तिचा गोंद सुटतो, पण मिळते कुठेही.

मागचं दाखवणाऱ्या आरशाच्या एका जुन्या शर्यतीची गोष्ट मोठी मजेची आहे. १९११ साली इंडियानापोलिसला पाचशे मैलांची शर्यत झाली, तेव्हा बाकीच्या गाड्यांत चालकाच्या जोडीला एक मेकॅनिक बसत असे आणि मागे कोण आलंय ते तोच सांगत असे. रे हॅरून एकट्यानेच बसणार म्हटल्यावर इतरांनी हरकत घेतली, की हा मागचं बघणार कसा? त्याने गाडीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. पुढे त्यानेच सांगून टाकलं की विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

मला हॅरूनबद्दल आपुलकी वाटते. आमच्या पिकअपलाही क्लीनर परवडत नाही, म्हणून आरसा. आणि महामार्गाचं काम रखडलेल्या तुकड्यावर तो आरसा असा नाचतो की मागच्या एका ट्रकचे चार होतात. तिथे काचेचा दोष नसतो, सांध्याचा असतो. आम्ही दांडीच्या सांध्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून घातला आणि नट आवळला. आता एका ट्रकचे दीड होतात.

पावसाचं दुखणं वेगळंच. समोरच्या काचेवर पाणी न ठरू देणारं औषध लावलं तर वेगात थेंब पळून जातात. बाजूच्या आरशाची काच मात्र स्वतःच्याच कवचाच्या आडोशाला असते, तिथे वाराच पोचत नाही. थेंब जिथल्या तिथे मण्यांसारखे बसतात आणि रात्री मागच्या लक्झरीचा दिवा त्या प्रत्येक मण्यात वेगळा पेटतो. म्हणून आरशावर उलटा उपाय हवा, पाण्याने गोळा न होता पसरावं असा. जुने ड्रायव्हर तंबाखूची पुडी ओली करून काचेवर चोळायचे. मी बटाटा कापून फिरवतो. पाण्याचा पातळ पापुद्रा होतो आणि त्यातून बऱ्यापैकी दिसतं. तासाभराने परत फिरवावा लागतो. त्याच्याआधी काच गोड्या पाण्याने धुवायची, कारण किनाऱ्यावर उभ्या गाडीच्या आरशावर एका रात्रीत खाऱ्याचा चिकट थर बसतो. कोरडा फडका फिरवला की तो निघत नाही, नुसता पसरतो. खारं आत शिरलं की पारा कडेने काळा पडत येतो, आणि मग बटाटा काय नि तंबाखू काय. आणि एवढं करून डाव्या खिडकीची काच आतून धुकटलेली असली तर सगळं मुसळ केरात.

बागेत गाडी मागे घेताना मात्र आरशांवर कोणीच विसंबत नाही. मांगराकडून, म्हणजे बागेतल्या खोपीकडून, कोणीतरी हात हलवत ‘‘येवंदे, येवंदे, येवंदे’’ म्हणत राहतं आणि ‘‘बस!’’ जरा उशिराच येतं. हौद्याचा मागचा फाळका माडाला टेकल्यावर.

पुतण्याचं आता मागे कॅमेरा बसवायचं चाललंय. मी म्हटलं, फाळक्यावर कॅमेरा म्हणजे तांबडी माती, पावसात चिखल, मासळी भरली तर क्रेटमधलं बर्फाचं पाणी. दर दोन कोसांवर उतरून तो पुसणार कोण?

‘‘तू उतर, काका,’’ तो म्हणाला. ‘‘गाडी मी चालवतंय मां.’’