फोनला लागलेला चकवा

माझा फोन दहा मिनिटं टेबलावर निपचित पडून होता. त्याचं स्वतःचं म्हणणं मात्र असं, की तेवढ्या वेळात तो जवळजवळ दोन किलोमीटर हिंडून आला.

चूक त्याची नव्हती, माझी होती. इमारतीच्या पोटात, जिथे उपग्रहांचे संदेश धड पोचत नाहीत, तिथे फोनला आपली जागा कशी कळत असेल, हे कुतूहल मला बरेच दिवस छळत होतं. शेवटी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. अ‍ॅक्सेलरोमीटरकडून त्वरण घ्यायचं. त्वरणाची क्षणाक्षणाला बेरीज केली की वेग, वेगाची बेरीज केली की अंतर. शाळेतलं गणित. शाळेतल्या गणितात घर्षण नसतं आणि मोजणारं यंत्र कधी चुकत नाही, एवढंच मी विसरलो होतो.

हा अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणजे नखापेक्षा लहान चिप. आत सिलिकॉनचा इवलासा ठोकळा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेला असतो. गाडी झटक्यात सुटली की आपण मागे रेलतो, तसा फोन हलला की तो ठोकळा मागे राहतो. दोन कंगव्यांचे दाते एकमेकांत घालावेत तशी रचना. दात्यांमधली फट किंचित बदलते आणि त्यावरून आकडा निघतो. म्हणजे या गड्याला ठिकाण कळत नाही, वेगही कळत नाही. कळतो तो फक्त रेटा.

त्यात टेबलावर स्वस्थ पडलेला असतानाही तो शून्य दाखवत नाही, ९.८ (सेकंद वर्गाला मीटर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा आकडा) दाखवतो, कारण टेबल त्याला खालून रेटत असतं. शून्याजवळ तो येतो हातातून निसटून पडताना. पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही, हे आइन्स्टाइनला १९०७ मध्ये सुचलं आणि तो आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखद विचार असं तो पुढे म्हणाला. फोनला तोच अनुभव दर पडझडीला येतो. सुख मात्र मालकाच्या वाट्याला येत नाही.

तर हे ९.८ वजा करायचं, म्हणजे आधी ‘खाली’ कुठे ते कळायला हवं. ते काम जायरोस्कोपच्या, म्हणजे वळण ओळखणाऱ्या सेन्सरच्या मदतीने होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने १८५२ मध्ये हे नाव दिलं तेव्हा त्यात गरगर फिरणारं चाक होतं. फोनमधल्यात चाकच नाही, एक थरथरणारा कण आहे. फोन वळला की तो कण बाजूला ढकलला जातो. पण यात एका अंशाची गफलत झाली, तर गुरुत्वाकर्षणाचा छोटासा तुकडा वजाबाकीतून निसटतो आणि फोनला वाटतं, आपण निघालो! एका मिनिटात हा भास ३०० मीटरपर्यंत जातो.

माझ्या फोनची चूक त्याहून बरीच लहान होती, सेकंद वर्गाला जेमतेम एक सेंटिमीटर. दहा सेकंदांनी ती अर्धा मीटर होते, मिनिटाने १८ मीटर, दहा मिनिटांनी १८०० मीटर. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पण इथे थेंब दर क्षणी मोठा होत जातो. वेळ दुप्पट, चूक चौपट.

रानात चकवा लागतो म्हणतात ना, तो बहुधा हाच. २००९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली. तो झाकला गेल्यावर फिरून आपल्याच वाटेवर आली. डोळे बांधल्यावर तर काहींची वर्तुळं २० मीटरहूनही लहान झाली. आपल्याही कानात रेटा आणि वळण ओळखणारी इंद्रियं आहेत, आणि तीही थोडी थोडी चुकत राहतात. गंमत म्हणजे चालणाऱ्याला आपण सरळच चाललोय याची खात्री असते. टेबलावरच्या फोनलाही होती.

मग फोन पावलं मोजतात ते का, हे उमगलं. बेरजेवर बेरीज करण्याच्या भानगडीत न पडता नुसते हिसके मोजायचे आणि पावलाच्या लांबीने गुणायचं. सहारातल्या मुंग्याही हेच करतात. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी अन्नापर्यंत पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांच्या काठ्या जोडल्या, काहींचे पाय आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या परतताना वारूळ ओलांडून पुढे गेल्या, आखूड पायांच्या अलीकडेच शोधत बसल्या. मोजणी बरोबर होती, माप बदललं होतं. (हे प्रयोग सुचतात कसे, ही निराळीच नवलाई.)

दुसरा उपाय मला जास्त आवडला. सेन्सर बुटात बसवतात. चालताना प्रत्येक पाऊल क्षणभर जमिनीवर अगदी थांबतं. त्या क्षणी वेग शून्य असणारच, म्हणून साचलेला खोटा वेग पुसून टाकायचा आणि पुन्हा निघायचं. चूक दर पावलाला धुतली जाते.

मीही प्रोग्रॅममध्ये पाचवी ओळ घातली: हालचाल जाणवत नसेल तर वेग शून्य धर. फोन टेबलावर गुमान पडून राहिला. विजयी मुद्रेने तो घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. लिफ्ट सुटताना त्याने वर जाणारा रेटा बरोबर टिपला. पुढे लिफ्ट एकसारख्या वेगाने जाऊ लागली. एकसारखा वेग आणि स्तब्धता यांत आतल्याला फरक कळत नाही, हे गॅलिलिओने सांगून ठेवलेलं. पाचव्या ओळीने वेग शून्य केला. थांबताना उलटा रेटा बसला, तेव्हा फोनला वाटलं, आता खाली चाललो. फोनमधल्या बॅरोमीटरला, हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला, विचारलं असतं तर मीटरमागे सुमारे १२ पास्कल दाब कमी होतोय हे त्याने सांगितलं असतं, पण त्याला विचारणारी सहावी ओळ मी लिहिलीच नव्हती.

सातव्या मजल्यावर दार उघडलं. फोनच्या मते आम्ही जरासे उडी मारल्यासारखे वर गेलो होतो आणि पुन्हा तळमजल्यावरच उभे होतो.